फरदडीचा दोष कुणाच्या माथी?

फेब्रुवारीत यवतमाळ-वर्ध्याच्या रस्त्यानं जा. रानात पऱ्हाटी अजून उभीच दिसेल. कुणी एक पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचा लांबवलेला कापूस, घेतंय, कुणी उपटून सरपणासाठी धुऱ्यावर रचलीय. दोन्हीकडे गुलाबी बोंडअळीचा मुक्काम पक्का. मग पत्रक निघतं : फरदड घेऊ नका. दर वर्षी पत्रक तेच आणि दोषीही तोच, शेतकरी.

डिसेंबरात घरात पैसा नसतो, विहिरीत थोडं पाणी असतं, झाडावर बोंडं लागलेली असतात. तेव्हा पदरात पडणारा दोन क्विंटल कापूस मोडून टाक, असं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

हीच गुलाबी बोंडअळी अमेरिकेत १९१७ मध्ये टेक्सासात सापडली. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं ती कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. अळीला मारणारं विष झाडातच असलेली बीटी कपाशी त्यांनीही पेरली. पण जोडीला वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, कामगंधानं नर चकवले आणि ठरल्या तारखेच्या आत पऱ्हाटी जमिनीत गाडायला लावली. साऱ्या शिवारानं, एकाच वेळी.

आपण २००२ मध्ये बीटी आणलं ते संकरित वाणांत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया ते सरळ वाणांत पेरतात. संकरित बी दर वर्षी विकतच घ्यावं लागतं, म्हणजे कंपनीचा गल्ला दर वर्षी भरतो. बी महाग, म्हणून झाडं विरळ. विरळ झाडं पसरत, लांबत राहतात आणि अळीला महिनोन्‌महिने ताटं मांडून ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत बीटीचं विष असतं, काहींत नसतं. आणि सरकी हेच तर या अळीचं खाणं! असं अर्धवट विष चाखत ती ते पचवायला शिकली. आधी गुजरातेत पहिलं बीटी हरलं, मग दोन जनुकांचंही. २०१७ मध्ये महाराष्ट्रात वरून धडधाकट दिसणारी बोंडं फोडली, तर आत अळी. त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या माणसांना मी विसरू शकत नाही.

अळीत विष पचवण्याची ताकद पसरू नये म्हणून लावायच्या बीटी नसलेल्या आश्रय ओळी अनेकांनी लावल्या नाहीत, हे खरं. पण त्या बियांची नुसती पुडी पाकिटात टाकून भागणार होतं का? ती का लावायची, हे बांधावर येऊन कितीजणांनी समजावलं?

लवकर आटोपणारं सरळ वाण, दाट लागवड, डिसेंबरअखेर रान मोकळं. ही वाट नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं केव्हाच दाखवली आहे. मे महिन्यात कृषी केंद्रावर जाऊन असं बी मागून पाहा. समोर येतील ती संकरित पाकिटंच. आधी ते बी गावोगावी पोचवा, फरदडीचं पत्रक मग छापा.