पुराव्याअभावी

आमच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी, माइक बंद पडला. तो का पडला यावरून आमच्या घरात 1989 पासून खटला चालू आहे. हिचं म्हणणं, नवऱ्यामुलाने पाटाखाली आलेली वायर पायाने सरकवली म्हणून. माझं म्हणणं, वीज गेली. ‘मग पंखे कसे फिरत होते?’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘वेगळी फेज’ असं आहे. फेज म्हटलं की समोरचा माणूस निदान अर्धा मिनिट गप्प बसतो. शिवाय आमच्या दोघांमध्ये अंतरपाट होता, मग माझे पाय हिला दिसले कसे, हा माझा बिनतोड मुद्दा. त्यावर ही म्हणते, “मुलीने मान खाली घालून उभं राहायचं असतं. अंतरपाटाखालून तुमचे पायच तेवढे दिसत होते.”

साक्षीदार एकेक करून गेले. ज्या आत्याबाईंचं स्वरचित मंगलाष्टक दुसऱ्याच ओळीत तुटलं, त्या शेवटपर्यंत माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या, पण आरोप असा केला नाही. करवलीला काही आठवत नाही. उरली ती माळ्यावरची व्हीएचएस कॅसेट, आणि तिच्या शेजारी चादरीत गुंडाळलेला व्हीसीआर.

“दुकानात द्या, पेनड्राइव्हवर उतरवून देतात,” मुलगी म्हणाली. पण पुरावा परक्याच्या हाती द्यायचा नसतो. मी व्हीसीआर खाली काढला.

हा हिच्या मामांनी मस्कतहून आणलेला. कस्टमवाल्यांना त्यांनी किती ड्यूटी भरली ते ऐकून आमच्या चाळीतले लोक त्याला नमस्कार करायचे. बाकीचे लोक व्हीसीआर भाड्याने आणत: एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट. पैसे भरलेत म्हणून तिन्ही पिक्चर बघायचेच. तिसऱ्याच्या वेळी अख्खी चाळ आडवी झालेली आणि हीरो एकटाच मारामारी करतोय, असं ते दृश्य असे.

झाकण काढलं तर आत पालीच्या अंड्यांची टरफलं. उबदार जागा बघून तिने बाळंतपण उरकलेलं दिसत होतं. मी ती साफ केली, स्क्रू लोणच्याच्या वाटीत ठेवले आणि प्लग लावला. घड्याळ लुकलुकायला लागलं. डोंबिवलीत वीज इतकी जायची की हे घड्याळ त्याच्या ऐन तारुण्यातही बाराच वाजवत असे. ओळख पटली. पण कॅसेट आत सरकवायच्या आधीच एक छोटा दिवा लागला: ड्यू. आत ओल आहे, मी काम करणार नाही. ओलसर ड्रमला टेप चिकटून फाटू नये म्हणून जपानी इंजिनियरांनी केलेली ही सोय, पण जुलै महिन्यात डोंबिवलीत ओल नाही अशी वस्तू कोणती? पापडाच्या डब्याचीसुद्धा खात्री देता येत नाही. शेवटी शेजारी साठचा बल्ब लावून मी त्याला दोन दिवस शेक दिला. “बाळंतिणीची खोली झालीय,” ही म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्याने कॅसेट घेतली आणि खाल्ली. सुदैवाने ती लग्नाची नव्हती, मुलीच्या बालवाडीच्या गॅदरिंगची होती. टेप आतल्या आत गुंडाळून बसली. कारण साधं होतं. टेप ओढून घेणारी चकती ज्या छोट्या रबरी चाकाने फिरते, ते रबर इतक्या वर्षांत दगड झालं होतं. ते घसरत होतं. टेप पुढून येत होती, पण मागे कोणी आवरून घेत नव्हतं. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हा बिघाड वेगळा समजावून सांगायला नको.

सुटे भाग शोधायला मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिल्या दुकानदाराने मॉडेल नंबरची चिठ्ठी वाचली आणि मला बसायला स्टूल दिलं. दुसऱ्याने मुलाला हाक मारून मी दाखवला. फुनाई नावाच्या जपानी कंपनीने अगदी शेवटपर्यंत तग धरून जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामागे सुटे भाग मिळेनात हेही एक कारण होतं. खुद्द कारखानदाराला जे मिळेना, ते मी परतीचं तिकीट काढून शोधायला निघालो होतो. अखेर आमच्याच नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे एक ओ-रिंग मिळाली. “नळ गळतोय का, काका?” त्याने विचारलं. हो म्हटलं.

ती ओ-रिंग बसली आणि मला पहिल्यांदा त्या यंत्राचं पोट नीट बघता आलं. टेप सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर सरकते, गोगलगाय बरी. एवढ्या चालीवर चित्र मावत नाही. म्हणून टेप जागेवरून पळवायच्या ऐवजी 62 मिलिमीटर व्यासाचा एक तिरपा ड्रम मिनिटाला दीड हजार वेळा गरगरतो आणि त्याच्यावरची दोन हेडं आळीपाळीने टेपवरच्या तिरक्या रेघा वाचतात, सेकंदाला पन्नास. हेड त्या रेघेवर नेमकं आलं नाही की चित्रात मुंग्यांची पट्टी येते. ते जुळवायचं बटण म्हणजे ट्रॅकिंग. ज्याने हे 1976 मध्ये लोकांच्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवलं त्याच्यापुढे हात जोडावेत. मी जोडण्याऐवजी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि हेड साफ करायला गेलो. कापसाचा एक धागा हेडला अडकून तुटला तरी सगळं संपलं, हे नंतर कळलं. हेडाला कापूस नाही, मऊ चामडं लावायचं, तेही आडवं, उभं कधीच नाही. आमच्या गल्लीतला व्हीसीआरवाला करकरीत नोट घासायचा. तो शंभराची वापरायचा आणि नंतर तीच बिलात धरायचा.

एवढं करूनही यंत्र चालेना. कॅसेट घ्यायची, दोन सेकंद विचार करायचा, परत द्यायची. तीन रविवार मी टेबलावर ट्यूबलाइटखाली झाकण उघडं टाकून बसलो. चौथ्या रविवारी रात्री अकरा वाजता ही बाहेर आली, म्हणाली, “झोपा आता,” आणि दिवा बंद केला. अंधारात व्हीसीआरने कॅसेट घेतली, टेप ड्रमला गुंडाळली आणि बालवाडीतली मुलं नाचायला लागली.

टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो. कॅसेटच्या पोटात खालून एक दिवा शिरतो; त्याचा उजेड तुकड्यातून पार होऊन बाजूच्या डोळ्यावर पडला की यंत्र समजतं, टेप संपली. माझी ट्यूबलाइट उघड्या झाकणातून त्याच डोळ्यावर पडत होती. म्हणजे यंत्र बरंच झालं होतं, मीच दर वेळी त्याला ‘संपलं’ असं सांगत होतो. व्हीसीआर कोणी दुरुस्त केला, हा त्या रात्रीपासून आमच्या घरातला दुसरा खटला.

लग्नाची कॅसेट आम्ही दुसऱ्या दिवशी लावली. हाराच्या आकाराच्या चौकटीत मी, मग बदामात ही, मग पंधरा मिनिटं जिलबी खाणारे अनोळखी लोक. व्हिडिओवाल्याचा दिवा तोंडावर आला की घास तसाच हातात. सगळ्यावर सनईची कॅसेट चढवलेली, त्यामुळे माइक कधी गेला हे ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मग मंगलाष्टकं. अंतरपाट. आत्याबाई ओठ हलवताहेत. थांबल्या. माइककडे बघितलं, त्यावर बोटाने टकटक केलं आणि सरळ खाली, माझ्या पायांकडे बघितलं.

“मागे घ्या,” ही म्हणाली.

मागे घेतलं. पुन्हा आत्याबाई, पुन्हा टकटक. माझे पाय होते तिथे पडद्याच्या तळाशी मुंग्यांची पट्टी थरथरत होती.

“ट्रॅकिंग जरा फिरवा की.”

मी बटण डावीकडे फिरवलं. पट्टी हळूहळू खाली सरकली. धोतराचा काठ दिसला, घोटा दिसला, पाटाची कड दिसली, तिच्याबाहेर आलेला एक अंगठा दिसायला लागला. मी बटण पुन्हा उजवीकडे घेतलं.

“याच्या पुढे जात नाही,” मी म्हटलं. “जुनं मशीन आहे.”