पैलवानाची दाढ

कोल्हापुरात मूल जेवेना, झोपेना, की घरातलं कुणीतरी शेवटचं अस्त्र काढतं : 'थांब, डॉक्टरकडं नेतो आणि सुई टोचायला लावतो!' डॉक्टर बिचारे राजारामपुरीत आपल्या कामात असतात. गल्लोगल्ली आपली बागुलबुवाच्या पदावर नेमणूक झालीय, याचा त्यांना पत्ता नसतो. धमकीनं भागलं नाही तर हातावर गुळाचा खडा. (कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन २०१४ साली मिळालं, दातांच्या किडीनं ते कधीच दिलं होतं.) मग पाचव्या वर्षी दाढ ठणकते आणि ज्याच्या नावानं इतकी वर्षं भीती घातली, त्याच्यापुढं मुलानं हसत 'आ' करावा अशी अपेक्षा असते. 'रडायचं न्हाई, पैलवान हैस न्हवं?' पैलवान रडतो. मग गुंगीचं औषध देतात, तरीही तो रडतो, आणि बाकावरची मंडळी आईकडं बघत निकाल देतात : 'लई लाडावलंय.' माझं म्हणणं एवढंच की गुंगीत मूल जे करतं, त्यावरून आईबापांना गुण देऊ नयेत. त्यांची परीक्षा आधीच, घरी झालेली असते.

अशा वेळी बऱ्याचदा वापरतात ते औषध म्हणजे मिडॅझोलम. वजनावर मोजून, तोंडानं देतात. बहुतेक मुलं त्यानं सैलावतात. काही मात्र उलट बिथरतात, हातपाय झाडतात, ओरडतात. मनावरचा लगामच सुटलेला असतो, त्यामुळं एरवीचं गुणी बाळही डॉक्टरांना दोन शब्द सुनावतं. (बिथरणं औषधाचं, शब्द मात्र घरचे.) शिवाय रडणं म्हणजे दुखणंच, असंही नाही. हॉरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानं १८४४ साली हसवणारा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि पुढच्याच महिन्यात बॉस्टनमध्ये प्रयोग करून दाखवला. रोगी ओरडला, प्रेक्षकांनी वेल्सला भोंदू ठरवलं. आपल्याला फारसं दुखलं नव्हतं, असं त्या रोग्यानं नंतर सांगितलं म्हणतात. तो चांगला बाप्या होता, पण 'आईनं लाडावलंय' असं कुणी म्हटल्याची नोंद नाही. मिडॅझोलमचा आणखी एक गुण : खुर्चीतलं बरंचसं मुलाला नंतर आठवत नाही. आठवतं ते आईबापांना, आणि पुढच्या प्रत्येक लग्नात ते मुलादेखत रंगवून सांगतात. औषधानं पुसलेलं घरचे पुन्हा गिरवून देतात!

'आमच्या वेळी असली थेरं नव्हती. दोघांनी धरायचं, तिसऱ्यानं उपटायचा,' असं ज्येष्ठ सांगतात. खरं आहे. त्यातलीच बरीच मंडळी आज साठीत दाढेखाली लवंग धरून बसतात, पण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. 'दुधाचे दात पडणारच की,' हा दुसरा मुद्दा. पडतात, पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागतात, तोवर पोरानं एकाच बाजूनं चावायचं का? तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही : गुंगी धोक्याची असते. असते. श्वास मंदावू शकतो, म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावतात, लक्ष ठेवायला प्रशिक्षित माणूस लागतो, आणि पोट रिकामं लागतं. दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास. गुंगीत उलटी झाली तर अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. पण पाहुण्यालासुद्धा जेवल्याशिवाय न सोडणाऱ्या गावात नातवाला उपाशी ठेवणं म्हणजे घराण्याला बट्टा. म्हणून निघताना आजी पदराआडून चहा-खारी देते आणि दवाखान्यात सगळं घर एका सुरात सांगतं, 'कायसुदीक खाल्लेलं न्हाई.' खोटं बोलत नाही ते फक्त पोर. पण त्याला विचारतो कोण?

तेव्हा आजी, खारी त्या दिवशी डब्यातच राहू द्या. दिलीच असेल तर डॉक्टरांना सांगून टाका. ते फार तर पुढची तारीख देतील.