हॉटेलप्रवेशाचे सुलभ गाइड

परवडणारं आणि बोलावणारं हॉटेल शोधायला लागणारं साहित्य: मध्यम भूक, सुटे पैसे, अनोळखी माणसासमोर बसून जेवायची तयारी आणि एक मोकळी दुपार.

मध्यम भूक असं मुद्दाम लिहिलंय. कडकडून भूक लागलेल्या माणसाने संशोधन करू नये. त्याला स्टेशनबाहेरचा गार समोसाही अमृत लागतो आणि तो तसं चारचौघांत सांगत सुटतो. पोट भरलेल्यानेही करू नये. तो मेन्यूकार्डातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसतो.

'परवडणारं' म्हणजे काय तेही आधीच ठरवून घेऊ, नाहीतर बिल आल्यावर वाद होतात. शंभराच्या चार नोटा घेऊन दोघांनी जावं, पोटभर जेवावं आणि परतताना अर्धा डझन केळी घेण्याइतके पैसे उरावे. त्याच्या वर गेलं की ते हॉटेल राहत नाही, त्याचं रेस्टॉरंट होतं आणि हे गाइड तिथे लागू पडत नाही. लागू पडतं ते मुंबईत, आणि त्यातही गिरगाव, दादर, परळ, माटुंगा या पट्ट्यात. तेवढंच मी स्वतःच्या पोटावर तपासून पाहिलंय.

इयत्ता पहिली: पाटी वाचणे

मराठीत हॉटेल म्हणजे खायची जागा. राहायची ती लॉज. हे ज्याला कळलं त्याचा अर्धा अभ्यास झाला.

पाटीवर 'खानावळ' असेल तर आत ताट मिळेल. 'बोर्डिंग' असेल तरी ताटच मिळेल, पण त्याच्या जागी केळीचं पान असू शकतं. माटुंग्याला रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून तेच करतंय. 'उपाहारगृह' दिसलं तर ताट मागू नका, वडा मागा. पाटीवर 'उपाहार'चा 'उपहार' झालेला असेल तर बिचकू नका. व्याकरणाने तो नजराणा होतो हे खरं, पण ऱ्हस्व-दीर्घाचा आणि बटाटावड्याचा काही संबंध नाही.

'हेल्थ होम', 'आरोग्य भुवन', 'दुग्ध मंदिर' ही नावं वाचून पथ्याचं काही मिळेल अशा आशेने आत शिरू नये. ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये लोक मिसळ खायला जातात, प्रकृती दाखवायला नाही. ही नावं म्हणजे बाहेर खाणं हेच आजारपणाचं मूळ आहे असं घरोघरी मानत होते, त्या काळाने ठेवलेला पुरावा आहे. दादरला मामा काणे यांच्या १९१० साली सुरू झालेल्या जागेच्या नावात 'स्वच्छ' हा शब्दच घालून ठेवला. तेव्हा तेवढी जाहिरात पुरे होत असावी. आज कोणी पाटीवर 'स्वच्छ' लिहिलं तर मी आधी मोरी बघून येते.

इयत्ता दुसरी: तारे आणि वार

फोन खिशात ठेवा. फोनवर साडेचार तारे देणारा माणूस कुठल्या वारी, किती वाजता जेवला आणि पैसे कोणी भरले, यातलं काहीही लिहीत नाही. रविवारी तर सगळ्यांचंच बरं चालतं. हॉटेलची परीक्षा घ्यायची ती आडवारी, दुपारी पावणेदोनला. तेव्हा आत कोण बसलंय ते बघा. बँकेतला कारकून, शर्टाच्या खिशात टेप आणि पेन्सिल खोचलेला शिंपी, हेल्मेट मांडीवर ठेवून जेवणारा कुरियरवाला असे तिघं एका टेबलावर दिसले की पुढचा विचार करत बसू नका.

त्याहून खात्रीचा पुरावा समोरच्या दुकानात असतो. हॉटेलच्या समोरच्या हार्डवेअरवाल्याकडे उभे राहा आणि चार खिळे घ्या. (खिळे कधीही लागतात.) घ्यायला वेळ लावा. दुकानाचा पोऱ्या स्टीलचा डबा घेऊन समोर गेला तर ते हॉटेल पास. पोऱ्या डबा घेऊन दोन गल्ल्या पलीकडे गेला तर त्याच्या मागोमाग जा.

बाहेर रांग असेल तर? रांग म्हणजे शोध नव्हे. दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं. आधीच्या वर्षी ती हीच मिसळ होती, फक्त तेव्हा आपण यादीत नाव लिहून फुटपाथवर उभे राहत नव्हतो. मिसळ अवश्य खा. पण तिला तुमचा शोध म्हणू नका, दादरकर हसतील.

मधली सुट्टी: इराणी

इराण्याकडे शिकण्यासारखं काही नाही, बसण्यासारखं आहे. धोबीतलावच्या क्यानीला १९०४ पासून लोक नुसते बसताहेत. त्याच्या समोरचं बस्तानी गेलं. तिथल्या भिंतीवरच्या सूचना एवढ्या नामांकित होत्या की निस्सीम इझिकेल यांनी त्यांची कविताच केली. इराण्याकडे पाट्या सांगतात काय करू नका आणि खुर्च्या सांगतात बसा. तुम्ही खुर्च्यांचं ऐका. ग्रँट रोडच्या बी. मेरवानचे मावा केक मात्र सकाळीच संपायचे, तिथे बसण्याआधी घ्यावे लागायचे.

सुट्टी संपली.

इयत्ता तिसरी: मासे

इथे बरेच विद्यार्थी नापास होतात. मीही एकदा झाले.

मेन्यूकार्डावर पापलेटपुढे आकड्याऐवजी 'ए. पी. एस.' लिहिलेलं होतं. मला ती तळायची काहीतरी पद्धत वाटली. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "हां, ए. पी. एस.च द्या." वेटरच्या चेहऱ्यावर आदर दिसला तेव्हाच मी उठायला हवं होतं. ते 'अ‍ॅज पर साइज' निघालं आणि साइज ताटाच्या दोन्ही कडांना टेकत होती. त्या दिवशी केळी तर सोडाच, मी घरी चालत आले. तेव्हापासूनचा नियम: आधी भाव विचारायचा, मग भूक दाखवायची. विचारायला लाजू नका. मासळीबाजारात कोळणीशी दहा रुपयांसाठी वीस मिनिटं भांडणारे आपण, टेबलाला काच लागली की गप्प होतो.

दुसरं, तारीख बघा. राज्याच्या किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते, साधारण जुलैअखेरपर्यंत. यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात, लहान बिनयंत्राच्या होड्या तेवढ्या जातात. तेव्हा भर जुलैत "आज सकाळचीच ताजी सुरमई" असं कोणी ठामपणे सांगितलं तर त्याला खोटं पाडू नका, सुकट मागा. सुक्या बोंबलाचं कालवण, सोड्यांचा भात, जवळ्याची चटणी हे ज्या खानावळीत पावसाळ्यात मिळतं ती खानावळ कॅलेंडर बघून चालते. तिच्यावर वर्षभर विश्वास टाकावा.

आणि श्रावण. श्रावणात साबुदाणावड्याच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, आणि मालवणी खानावळीत मालक स्वतः पंखा लावून देतो. ज्याला श्रावण पाळायचा नाही त्याने जागा शोधायची ती याच महिन्यात.

तिरफळ चावू नये. आमटीत ते वासापुरतं असतं, काढून ताटाच्या कडेला ठेवायचं. चावलंत तर जीभ अर्धा तास बधिर होते आणि आजूबाजूच्या टेबलांना तुम्ही नवखे असल्याचं कळतं.

इतिहासाचा तास

कंटाळवाणा वाटला तर सोडून पुढे जा, पण पुढचा पाठ याच्यावरच आहे.

गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार पुष्कळदा एकटे राहायचे. बायको-मुलं गावाला. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि जेवायला खानावळवालीकडे. ही खानावळवाली म्हणजे चाळीतलीच कोणीतरी बाई. घरात भागत नाही म्हणून आणखी पाच-दहा जणांच्या भाकऱ्या थापणारी. गिऱ्हाइकांचे पैसे पगार झाला की मिळणार, वाण्याला मात्र आधी द्यायचे, मधल्या दिवसांसाठी सावकार. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारांचे पगार थांबले तशी खानावळवालीची चूलही अडचणीत आली. उधारीवर जेवलेले कितीतरी गावाला निघून गेले.

आपण आज 'घरगुती चव' म्हणून जी शोधत फिरतो ती या बायकांच्या हातची. आणि गंमत अशी की त्यांच्या खानावळीत बसून जेवणारे सगळे पुरुष होते. बाईला खानावळीत यायचं ते स्वयंपाकघराच्या दारातून. रस्त्याच्या दारातून आलेल्या बाईचं काय करायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. नंतर ठरवलं, आणि त्याला 'फॅमिली रूम' नाव दिलं.

तोंडी परीक्षा

ही परीक्षा पुरुष उमेदवारांना माफ आहे. तो येतो, बसतो, पाणी येतं. बाई एकटी आली की वेटर आधी तिच्या खांद्यावरून दाराकडे बघतो.

"किती जण?"

"एक."

"अजून कोणी यायचंय?"

"नाही."

"मग वर बसा, फॅमिलीत."

असंच एकदा मी एकटी फॅमिली म्हणून लोखंडी जिना चढून पोटमाळ्यावर गेले. छत इतकं खाली की पंख्याचा वारा थेट भांगात. लाकडी फळ्यांचे कप्पे, कप्प्यांना पडदे. शेजारच्या कप्प्यात एक जोडपं हातात हात घालून मेन्यूकार्ड वाचत होतं. त्यांना मी आपल्यातलीच कोणाची तरी आत्या वाटले असणार. दोन मिनिटांत दोघंही कॉफी न पिता निघून गेले. हॉटेलचं नुकसान माझ्यामुळे झालं, पण मला वर धाडलं कोणी?

तर 'बोलावणारं हॉटेल' ओळखायची माझी कसोटी ही. दिवे कसे आहेत, भिंतीला वारली चित्रं आहेत की नाहीत, याच्याशी मला देणंघेणं नाही. एकट्या बाईला खाली, पंख्याखाली, चार जणांच्या टेबलावर कोणाच्याही समोर काही न विचारता बसवतात का? बसवत असतील तर तिथे म्हाताऱ्यालाही नीट बसवतील, कळकट कपड्यांतल्या पेंटरलाही आणि तीन पोरं घेऊन आलेल्या माउलीलाही. ही कसोटी मी वीस वर्षं लावतेय. अजून फसलेली नाही.

बाकी प्रगतिपुस्तक वेटरच्या तोंडी असतं. पहिल्या महिन्यात तुम्ही 'मॅडम'. मॅडम म्हणजे परकी. मॅडमला लिंबाची फोड एकच मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कधीतरी नकळत 'ताई' होतं, आणि त्या दिवशी न मागता दुसऱ्यांदा सोलकढी येते. यासाठी घाई करता येत नाही. जास्त टिप ठेवून तर अजिबातच नाही, त्याने मॅडमची 'मोठी मॅडम' होते.

शेवटचा पाठ: गल्ला

माझ्या नेहमीच्या खानावळीत जेवण झालं की वेटर बिल लिहीत नाही. तुम्ही हात धुऊन गल्ल्याकडे निघालात की तो जागेवरूनच ओरडतो. त्याला गिऱ्हाइकांची नावं माहीत नाहीत, म्हणून ओळखीच्या खुणेवर हिशेब चालतो: "टोपी, एकशे वीस! चष्मा दोन माणसं, दोनशे साठ!" गल्ल्यावर बसलेली बाई मान वर न करता पैसे घेते. तिची सासू याच खोलीत गिरणीवाल्यांना जेवू घालायची. मागच्या वर्षी गल्ल्यावर क्यूआर कोडची ती बोलकी डबी आली. पैसे पोचले की आता ती डबीही आकडा ओरडते. दोघं एकदम ओरडतात तेव्हा कोणाचाच आकडा कळत नाही, आणि बाई म्हणते, "आधी त्याला बोलू द्या, तो जुना आहे."

मी तिथे 'छत्री'. एका जूनमध्ये छत्री विसरले होते, त्यावरून. आता जानेवारीतही छत्रीच. मंगळवारी मी बांगड्याचं तिखलं आणि दोन तांदळाच्या भाकऱ्या घेते, आणि अलीकडे मला दुसरं काही मागायची सोयच राहिलेली नाही. परवा सहज म्हटलं, आज कोलंबी द्या. वेटरने बरं नाही का, असं विचारलं.

या जागेचा पत्ता सांगा, असं हे गाइड वाचून कोणीतरी विचारणारच. आत टेबलं सहा आहेत आणि पावणेदोनला सहाही भरतात, त्यामुळे सांगत नाही. परळला उतरा, खिळे घ्या, डब्याच्या मागे जा. सोमवारी जाऊ नका, सोमवारी बंद असतं.