मुंगी न मारणाऱ्याची बंदूक

तळकोकणात निवृत्त होऊन आलेल्या माणसाला गावात वजन यायचे तर दोनच वाटा असतात. एक तर देवळात मान असावा, नाहीतर घरात बंदूक असावी. देवळातला मान आमच्या चुलतभावाच्या घराण्याकडे आहे आणि तो प्रलयापर्यंत तिथेच राहील. म्हणून मी बंदुकीकडे वळलो. सबबही खोटी नव्हती. पसवायला आलेला भाताचा कुणगा रानडुकरे एका रात्रीत लोळवून जात होती आणि काजूवर माकडांची पंगत बसत होती. पण खरे सांगायचे तर डुकरांपेक्षा चुलतभावाला ती बंदूक दिसावी, ही माझी आंतरिक इच्छा होती.

शस्त्र अधिनियम 1959 चा. तो मी चष्मा पुसून वाचला आणि हरखलो. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर त्या परवान्याची सोय तेराव्या कलमात चक्क नाव घेऊन करून ठेवली आहे. अर्जदाराचे वय किमान 21 हवे. ही अट मी चाळीस वर्षांहून अधिक फरकाने पार केली. विनासायास पार झालेली ही पहिली आणि शेवटची अट.

पुढचे सगळे 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. ए-1 नमुन्यातला अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो, ओळखीचे नि राहत्या जागेचे पुरावे, बंदूक सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र, प्रशिक्षणाचा दाखला आणि वैद्यकीय दाखला. मी बँकेतला माणूस. ‘एक झेरॉक्स कमी आहे, उद्या या’ हे वाक्य मी काउंटरच्या आतल्या बाजूने आयुष्यभर म्हटले. तेच वाक्य बाहेरच्या बाजूने ऐकताना किती वेगळे लागते, ते आता कळले.

जमिनीचा पुरावा म्हणून सातबारा काढला. कोकणातला सातबारा तो! त्यावर पानभर सहहिस्सेदार. त्यांतले निम्मे देवाघरी, उरलेले डोंबिवलीला. “यातली तुमची जमीन कुठली?” साहेबांनी विचारले. हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्या चालू आहे आणि त्याचे उत्तर मिळाले असते तर एक दिवाणी दावा केव्हाच संपला असता. “डुकरे खातात ती,” मी म्हणालो. साहेब हसले नाहीत.

वैद्यकीय दाखला एस-3 नमुन्यातला. शरीर धडधाकट आहे, मन ठिकाणावर आहे आणि कुठल्याही नशेच्या आहारी गेलेला नाही, असे डॉक्टरांनी लिहून द्यायचे. डॉक्टर तरुण आणि कामाला चोख.

“काका, झोप नीट लागते?”

“छे. डोळ्याला डोळा लागत नाही.”

“मग रात्री काय होतं?”

“आवाज येतात.”

डॉक्टरांचे पेन थांबले. “कसले आवाज?”

“आधी लांबून येतात. मग अगदी खिडकीखाली. घुर्र घुर्र असे.”

“घरात बाकी कोणाला ऐकू येतात?”

“नाही. हिला गाढ झोप लागते.”

दाखला हातचा जाणार असे दिसल्यावर हिनेच मध्ये तोंड घातले. “अहो, रानडुकरं म्हणा ना!” ती डॉक्टरांना म्हणाली, “तसे ठीक आहेत हो. थोडं लांबण लावतात, एवढंच.” दाखला मिळाला, पण माझ्या भरवशावर नव्हे.

मग पोलीस चौकशी. हवालदार शेजारपाजारी विचारत चुलतभावाकडे गेले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बांधावरच्या फणसावरून आमचे बोलणे बंद. आता हा जुने सगळे उकरणार आणि अर्ज बुडवणार! मी पडवीत कान देऊन उभा. हवालदारांनी विचारले, माणूस कसा आहे? भांडखोर? तापट?

“ह्यो?” चुलतभाऊ खो खो हसला. “ह्यो मुंगी पण मारूचो नाय. ह्येच्या हातात बंदूक दिल्यात तरी डुकरांका कसलोच धोको नाय.”

हवालदारांनी ते समाधानाने लिहून घेतले. अर्ज पुढे सरकला. इतका अपमानास्पद चांगला शेरा मला बँकेतल्या गोपनीय अहवालातही कधी मिळाला नव्हता.

परवाना हातात पडला आणि मी परवानाधारक दुकानात गेलो. काचेत एक देखणे रिव्हॉल्व्हर होते. “हे दाखवा जरा,” म्हणालो. दुकानदाराने माझ्याकडे न बघता परवाना बघितला आणि न बोलता कोपऱ्यातली लांबलचक ठासणीची काढून दिली. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, हे मी ऐटीत त्याला ऐकवले. “तुम्हाला एक झेपली तरी खूप,” तो म्हणाला.

त्याच दुरुस्तीने लग्नावरातीत हौसेने बार काढणे हाही गुन्हा ठरवला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे पुतण्याच्या लग्नात रुबाब दाखवायची संधी हुकली. बंदूक कुलपात राहिली. घरात कुलपाचे कपाट एकच, त्यात हिची पैठणी आणि किल्ली हिच्या कमरेला.

अखेर एका रात्री डुकरे आली. मी हिला उठवले. किल्ली शोधली. पैठणीखालून बंदूक काढली. अंगणात बॅटरी तोंडात धरून नळीत मापाने दारू ओतली, वर काथ्याचा बोळा घातला, गजाने ठासला, मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणे. घोडा अर्धा ओढून केप बसवायला गेलो तर ती दवात पडली. चिखलातून ती चाचपून काढीपर्यंत कळप कुणगा आटोपून वहाळापलीकडे पोचला होता. शेवटचे एक पिल्लू मात्र थांबून माझ्याकडे बघत होते.

नेम धरून तरी काय उपयोग होता म्हणा! रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. बंदुकीचा परवाना असला तरी त्याला मारायचे तर वन खात्याची वेगळी परवानगी हवी. मी 1959 च्या कायद्यातला, डुक्कर 1972 च्या. वयाने माझा कायदा थोरला, पण आमच्या वाडीत चालतो त्याचाच.

एवढे करून बंदूक घरी रुळते आहे तोच 16 मार्च 2024 ला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि शस्त्र ठाण्यात जमा करा, अशी नोटीस आली. आचारसंहितेत कोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची, हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते. म्हणजे चारचौघे बसले, माझे नाव निघाले, आणि हा माणूस मोकळा सोडणे लोकशाहीला बरे नव्हे असे ठरले! मी ती नोटीस दोनदा वाचली. आयुष्यात प्रथमच कोणाला माझी भीती वाटली होती. बंदूक खांद्यावर टाकून मुद्दाम चुलतभावाच्या अंगणावरून गेलो. “खंय चललंस?” फणसानंतर प्रथमच तो बोलला. “जमा करायला. सरकारला धोका वाटतो,” मी म्हणालो. ठाण्यात नावाची चिठ्ठी बांधलेल्या बंदुका ओळीने उभ्या होत्या आणि पंचक्रोशीतले मालक बाकावर बसून काजूचा दर बोलत होते. त्या काजूवर त्याच वेळी माकडे बसली होती. आचारसंहिता जूनमध्ये उठली तेव्हा झाडावर फक्त पाने होती.

भातावर आशा होती. 15 ऑक्टोबरला विधानसभा जाहीर झाली. ऐन कापणी. पुन्हा बंदूक ठाण्यात, पुन्हा बाक, या वेळी विषय भाताचा दर.

मला कायद्याचा राग नाही. ज्याला हत्यार द्यायचे त्याची झडती घ्यायलाच हवी. उद्या चुलतभावाने अर्ज केला तर ती दुप्पट घ्यावी, असे माझे लेखी म्हणणे आहे. गोम एवढीच की परवाना मिळवायला निरुपद्रवी असल्याचा पुरावा लागतो आणि मी तो फार सढळ हाताने दिला. तो डुकरांपर्यंतही पोचला.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. धारक सत्तरीला पोचला की तो वारसाच्या नावे करायची सोयही नियमांत आहे. पुण्याच्या मुलाला फोन करून हे कानावर घातले. त्यालाही अर्ज, दाखले, प्रशिक्षण, चौकशी सगळे आलेच, हेही सांगितले. “बाबा,” तो शांतपणे म्हणाला, “आणि डुकरं?”

ती तशीच मिळतात, मी म्हणालो. त्यांना अर्ज लागत नाही.