मामांची दोन बोटं

चूक दाखवून मरणारा प्रोग्रॅम मला आवडतो. तो निदान लाल अक्षरांत बोंब मारतो, ओळीचा नंबर सांगतो, आणि ती ओळ कुणी लिहिली हे शोधून त्याच्या टेबलाकडे सावकाश चालत जाण्याचं सुख मला मिळतं. पण डेटाबेसला जोडायला जातो आणि तिथेच थबकतो, ना हो म्हणतो ना नाही, अशा प्रोग्रॅमचं काय करावं? त्यातून तो माझ्या लॅपटॉपवर चालत असेल, टेस्टिंगच्या मशीनवर चालत असेल आणि नेमका नव्या कोऱ्या लिनक्स सर्व्हरवर रुसून बसत असेल, तर तो सरळ माझ्या अब्रूवर उठलेला असतो.

अब्रू म्हणजे काय, तर ऑफिसातल्या ‘सरांना दाखवा’ या वाक्यातला सर मी आहे. ही पदवी टिकवायला ज्ञान फारसं लागत नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळती ठेवावी लागतात आणि मागे नवी पोरं उभी असली की मधूनमधून ‘हं’ म्हणावं लागतं. मी पिंग केलं, हं म्हटलं. टेलनेट केलं, पोर्ट उघडा निघाला, जरा लांबवून हं म्हटलं. मग रिवाजाप्रमाणे नेटवर्कवाल्यांना, त्यांच्या साहेबांना सीसीत ठेवून, फायरवॉल बघायला सांगितलं. त्यांनीही रिवाजाप्रमाणे ‘आमच्या बाजूने सगळं ओके’ असं कळवलं. तेवढ्यात पलीकडचा डेटाबेस वाट बघून कंटाळायचा आणि अलीकडे ‘कनेक्शन रीसेट’ उमटायचं. पोरांनी आता माझ्याऐवजी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली होती.

थ्रेड डंप काढला तेव्हा कळलं की ड्रायव्हर नेटवर्कपाशी अडकलेलाच नव्हता. लॉगिनच्या देवाणघेवाणीसाठी त्याला थोडे रँडम आकडे हवे होते. ते तो /डेव्ह/रँडम या फाइलीतून वाचायला गेला होता आणि ती त्याला काही देईना.

आता थोडं विषयांतर करतो, कारण या अख्ख्या भानगडीत मला मनापासून आवडलेला भाग हाच. संगणकाला आपल्या मनाने काहीच करता येत नाही. त्यामुळे कुणाला अंदाज लागणार नाही असा आकडा त्याला बाहेरच्या गोंधळातून आणावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात क्लाउडफ्लेअर कंपनीने यासाठी भिंतभर लाव्हा लॅम्प मांडून ठेवलेत. त्यातले रंगीत गोळे वरखाली होताना कॅमेरा टिपतो आणि त्या चित्रांतून आकडे निघतात. लिनक्सचं एवढं ऐश्वर्य नाही. 1994 मध्ये थिओडोर त्सो यांनी जी सोय लिहिली, ती बरीचशी माणसांच्या भरवशावर होती. तुम्ही कळ दाबली, माउस हलवला, डिस्क फिरली, की दोन घटनांमधला वेळ कर्नल मोजतो आणि त्यातल्या बेभरवशीपणाला गुण देतो. एका घटनेला फार तर 11 बिट. या गुणांचं नाव एन्ट्रॉपी, आणि त्यांचं भांडं रिकामं झालं की /डेव्ह/रँडम अडून बसायची. कळांमधलं अंतर एकसारखं असेल तर गुण कापतो. कळ नुसती दाबून धरली तर काही देत नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांची कामाची पद्धत कर्नलने अशी कायमची निकालात काढली आहे.

पण त्याने मलाही दुखावलं. मी टायपिंगची इंग्रजी 40 पास आहे. पडद्याकडे न बघता, ठेक्यात, टकटक टकटक. हाच ठेका कर्नलच्या लेखी कवडीमोल! त्याच्या हिशेबात गुणवत्ता यादीत यायचे ते मामा.

मामा आमची सर्व्हर रूम सांभाळायचे. डाव्या हातात कटिंग, आणि उजव्या हाताची दोन बोटं कीबोर्डवर, कोंबडीने दाणे टिपावेत तशी. मध्येच थांबून ‘अरे, तो अंडरस्कोअर कुठं गेला?’ असं कुणालाही विचारायचे. टेस्टिंगचं मशीन त्यांच्याच टेबलावर होतं आणि त्याचं भांडं कायम भरलेलं असायचं. नवा सर्व्हर मात्र भाड्याचा, कुठल्या तरी दूरच्या डेटा सेंटरमधला, व्हर्च्युअल. त्याला कीबोर्ड नाही, माउस नाही, डिस्कसुद्धा खोटी. एन्ट्रॉपी 4096 पर्यंत जायला हवी, ती शंभरच्याही खाली. त्यातून तो आकडा बघायला कमांड चालवली की नवी प्रोसेस सुरू होताना आणखी थोडी खर्ची पडायची. मी घाबरून बघत होतो आणि बघितल्यामुळे ती घटत होती.

सर्व्हर भाड्याने घेतले तेव्हाच्या प्रेझेंटेशनमध्ये ‘झिरो ह्यूमन इंटरव्हेन्शन’ अशी एक स्लाइड होती. तिच्यावर टाळ्या पडल्या. सर्व्हर रूमच्या जागी बीनबॅग आल्या, मामांना डिस्पॅचला बसवलं आणि वर्ष उलटायच्या आत त्यांनी व्हीआरएस घेतली. निरोपाला कुणीतरी घाईघाईने भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, किमतीची चिठ्ठी तशीच. ती चिठ्ठी आठवली की मला अजून राग येतो.

उपाय एका टिंबाचा निघाला. प्रोग्रॅम जावातला होता. जावाला सेटिंगमध्ये /डेव्ह/युरँडम सांगितलं, म्हणजे कधीच न अडणारी फाइल, तर जुनी जावा ते नाव ओळखून रँडम आकड्यांचं बी मागायला पुन्हा /डेव्ह/रँडमकडेच जायची. म्हणून लिहायचं /डेव्ह/./युरँडम. फाइल तीच, पण मध्ये टिंब आल्यामुळे जावा फसते आणि मुकाट सांगितलेलं वाचते. जोडणी क्षणात झाली. मी हं म्हटलं. रिपोर्टात कारण लिहिलं, ‘अपुरी एन्ट्रॉपी’.

संध्याकाळी मामांना फोन केला. “मामा, सर्व्हर तुमची आठवण काढत होता.”

“अडला असेल,” मामा म्हणाले. “आणि तू काय रे, अजून नुसतं हं-हं करतोस?”

लिनक्स कर्नलची 5.6 ही आवृत्ती 29 मार्च 2020 ला आली. तेव्हापासून /डेव्ह/रँडम सुरुवातीला एकदा तयार झालं की कुणासाठी अडून राहत नाही. आपल्याकडे लॉकडाउनचा तो पाचवा दिवस होता. ऑफिसात कळ दाबायला तसंही कुणी नव्हतं. पण सेंटओएस 7 चा कर्नल 3.10 आहे, आणि जुन्या जावासकट तो तुमच्या एखाद्या सर्व्हरवर अजून चालत असेल, तर साफसफाईच्या भरात ते टिंब तेवढं पुसू नका.