पापड, फणस, भोपळा

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून खणखणीत आवाजात ‘पापड, फणस, भोपळा’ ऐकू आलं, की नवे भाडेकरू भाजीवाला आला समजून पिशवी घेऊन खाली उतरतात. जुने उतरत नाहीत. माईककाकांनी कराओके मांडलाय, हे त्यांना ठाऊक असतं. प, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि तो नेमका माईकवर आदळला की स्पीकरमधून ‘धप्प’ होतं. ते तपासायला हे तीन शब्द. पाठोपाठ ‘शंकर, शेंगदाणे, साबण’ येतात, ते कानात टोचणाऱ्या सुसकाऱ्यासाठी. लोक माईकवर टिचक्या मारून ‘हॅलो, वन टू थ्री’ करतात, त्याचा काकांना मनस्वी तिटकारा. “वन टू थ्रीत एक तरी प आहे का?” असं ते विचारतात आणि समोरचा माणूस खरोखरच मनात मोजून बघतो.

काका बँकेतून निवृत्त झालेले. दिवसअखेरीला दहा पैशांचा फरक निघाला तरी रात्री नऊपर्यंत तो शोधत बसणारे, आणि बाकीच्यांनाही बसवणारे, एक साहेब पूर्वी प्रत्येक शाखेत असत, त्यांतले हे. पुढे संगणक आले, फरक निघेनासे झाले, आणि निवृत्तीनंतर तर शोधायला काहीच उरलं नाही. तेवढ्यात मुलानं वाढदिवसाला कराओकेचा स्पीकर आणि दोन माईक आणून दिले. त्या आवाजात फरकच फरक होते. काका पुन्हा कामाला लागले.

पहिला फरक उशिराचा निघाला. काका आत्ता गायचे आणि आवाज स्पीकरमधून जरा मागाहून यायचा. ब्लूटूथवरून आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा लागतो, आणि गाण्यात तेवढ्यात सम निघून जाते. काका बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले, छोटा मिक्सर आणि जाड वायर घेऊन आले. आवाज तत्क्षणी यायला लागला. आता समेला उशिरा येतात ते काका स्वतः, हे सिद्ध झालं. पण ती नोंद त्यांच्या खात्यात नव्हती.

मग गुणगुण. गाणं सुरू होण्याआधीच स्पीकर मधमाश्यांसारखा घुमायचा. टीव्ही एका भिंतीच्या सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्या, दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेनं जाणार आणि त्या फेऱ्यातून विजेची गुणगुण आवाजात शिरणार. काकांनी दोन्ही पिना एका बोर्डावर आणल्या. घर गप्प झालं. “सापडला!” असं ते इतक्या मोठ्यानं ओरडले की काकूंना वाटलं, उंदीर.

खोलीचं तर त्यांनी रूपच पालटलं. गुळगुळीत फरशी आणि काचेच्या खिडक्यांमुळे आवाज खोलीभर आपटत फिरायचा. माईक समोरून येईल ते ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत त्याच्या तोंडासमोर येते. म्हणून त्या भिंतीवर काकांनी आईच्या हातच्या दोन गोधड्या टांगल्या. पाहुणे बाहेर पावसाकडे आणि आत गोधड्यांकडे बघतात आणि “वाळत नाहीत ना हल्ली?” असं सहानुभूतीनं विचारतात.

फरशीवर लाल चिकटपट्टीची रेघ आहे. तिच्या अलीकडे गाणारा, पलीकडे श्रोत्यांकडे तोंड केलेले स्पीकर. स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की ‘कुईंऽऽ’ अशी शिट्टी बसते, म्हणून रेघ ओलांडायची नाही. पण अंतऱ्याला माणूस हळवा होतो, एक हात पसरून पुढे सरकतो, आणि काका त्याचं कोपर धरून मागे ओढतात. माईक जाळीपाशी मुठीत धरणाऱ्याचे तर ते शब्दशः हात सोडवतात. जाळी झाकली की माईकला पुढचं-मागचं कळेनासं होतं, आवाज कोंदटतो, वर शिट्टी. “दांडा धरा, दांडा. टीव्हीवर पाहिलेलं सगळं करायचं नसतं.”

गेनबद्दल त्यांचा स्वतंत्र सिद्धान्त आहे. “गेन म्हणजे जमा, व्हॉल्यूम म्हणजे उचल. जमा कमी आणि उचल जास्त केलीत की खरखर येणार. जमाच अवाच्या सवा केलीत तर लाल दिवा लागणार, आवाज फाटणार.” मी ध्वनीवर लिहिलेलं थोडंफार वाचलंय, इतकं सोपं करून कुणी सांगितलेलं आठवत नाही.

पाहुणे स्थिरावले की काका जपानमध्ये जातात. कोबे शहरात १९७१ साली दाइसुके इनोउए यांनी हे यंत्र केलं आणि पेटंट घेतलं नाही, याची त्यांना स्वतःच्या ठेवीचं व्याज बुडाल्यासारखी हळहळ. त्याच गृहस्थांना २००४ मध्ये शांततेचं इग्नोबेल मिळालं, लोकांना एकमेकांना सहन करण्याची नवी रीत दिल्याबद्दल, हे काका अभिमानानं सांगतात. पाहुणे माना डोलावतात. काहींच्या जरा जास्तच डोलतात.

आणि गाणं? ते होतं, मुखड्यापुरतं. मुखडा संपला की काका हात वर करतात. “थांबा. तीनशे हर्ट्झच्या आसपास जरा कोंदट वाटतंय.” बटण अर्ध्या रेषेनं मागे जातं, पुन्हा पापड-फणस, पुन्हा मुखडा. पूर्वी काका इको भरपूर ठेवत. त्यात सूर कुठे लागला आणि कुठे निसटला, कळायचं नाही. आवाज जसजसा सुधारला तसतसा त्यांनी तत्त्वासाठी इको कमी केला, आणि जे झाकलेलं होतं ते स्वच्छ ऐकू येऊ लागलं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त संगीतशिक्षिका एकदा जिन्यात म्हणाल्या, “पूर्वी नुसतं काहीतरी चाललंय एवढंच कळायचं. आता तुमचा कोमल गंधार कुठे घसरतो, तेसुद्धा स्लॅबमधून कळतं.” काकांचा चेहरा उजळला. घरी येऊन काकूंना म्हणाले, “ऐकलंस? स्लॅबमधूनसुद्धा बारकावे जातायत.”

तेव्हा तुमच्याकडे माईक शिट्टी मारत असेल, घुमत असेल, आवाज डब्यातून आल्यासारखा येत असेल, तर काकांना जरूर बोलवा. पैसे घेत नाहीत, वायर स्वतःची आणतात, चहा बिनसाखरेचा लागतो. दुरुस्ती पक्की होते. फक्त “आता तुम्हीच एक म्हणा” असं म्हणू नका. आणि म्हणालातच, तर रात्री दहाच्या आत म्हणा.