थापटणं कुणाच्या हातात?

प्रार्थनासभेत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की मी बोलणाऱ्याकडे बघत नाही, त्याच्या बायकोकडे बघतो. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही साक्ष कोर्टातली नसते, पण उलटतपासणी झाली तर पुष्कळांची पंचाईत होईल अशी मात्र असते. माणूस उभा राहतो, आपण आधी कसे होतो ते सांगतो, प्रभूने कसं धरलं ते सांगतो आणि आता कसे आहोत ते सांगून खाली बसतो. आधीचा भाग हमखास रंगतो. दारू, पत्ते, शिवीगाळ, बांधावरून भावकीत चाललेली कोर्टकचेरी. आताचा भाग मात्र दोन वाक्यांत उरकतो : राग गेला, शांती आली. लोक ‘आमेन’ म्हणतात. बायको खाली मान घालून चटईची काडी मोडत असते. शांतीच्या उल्लेखाला तिची भुवई किती वर गेली, त्यावर मी त्या साक्षीचे मार्क ठरवतो.

हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती घरं मोजकी, त्यामुळे कुणाचं अंतःकरण कितपत नवं झालंय हे फार दिवस झाकून राहत नाही. मोठ्या शहरात माणूस रविवारी एक आणि सोमवारी दुसरा असू शकतो. इथे सोमवारी बाजारात तेच पाळकसाहेब, त्याच काकू भेटतात आणि मेथीच्या जुडीवरून तुम्ही कोणत्या पट्टीत बोलताय ते ऐकून पुढे जातात.

तशी माणसाला ठोकून बघायची ही रीत चर्चने आणलेली नाही, ती इथली फार जुनी आहे. कयाधूच्या काठचं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव, अशी आमच्याकडची श्रद्धा. त्या नामदेवांची परीक्षा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. संतांचा मेळा बसलेला. मुक्ताबाई गोरोबाकाका कुंभारांना म्हणाली, यातली पक्की मडकी कुठली आणि कच्ची कुठली, सांगा बघू. काकांनी मडकी घडवायचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे निमूट बसले. नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला : हे मडकं कच्चं. ज्याच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला म्हणतात, तो नापास! नामदेव रुसून विठोबाकडे गेले, तर विठोबानेही निकाल फिरवला नाही. उलट सांगितलं, औंढ्याला जा, विसोबा खेचराला भेट. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय टाकून आडवा पडलेला. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाला, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पाय ठेवावा तिथे पिंड.

सरकारी कागदावर आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पण पंढरपूरचं कच्चं मडकं भाजायला जिथे पाठवलं गेलं ते ठिकाण, ही आमची ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. मी ख्रिस्ती असलो तरी ही गोष्ट मला परकी वाटत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनाही संत कधी परके वाटले नाहीत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते सांगत. मला त्या गोष्टीत नामदेवांपेक्षा मुक्ताबाईचं जास्त कौतुक वाटतं. एवढ्या थोरामोठ्यांच्या बैठकीत परीक्षेचा विषय काढायची हिंमत एका मुलीची होती.

टिळकांच्या बाबतीत ते थापटणं आयुष्यभर एकाच माणसाच्या हातात होतं. त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या.

टिळक १८६१ साली कोकणात करजगावला जन्मले. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे व्यासंगी, कवी, वक्ते, आणि एका नोकरीत फार दिवस न टिकणारे. नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गप्पा झाल्या. त्याने उतरताना नव्या कराराची प्रत हातावर ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. (हल्ली गाडीतला सहप्रवासी फार तर आपला चार्जर मागतो.) टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. माहेर असं की बाहेरून आलेली वस्तू वडील धुतल्याशिवाय आत घेत नसत, आणि नवरा तर धर्मच टाकून बसलेला. नातेवाइकांनी त्यांना लहानग्या मुलासह, दत्तूसह, नेलं ते पंढरपूरला. नवरा ख्रिस्ताकडे आणि बायको विठोबाच्या गावात, हा योग जुळवणाऱ्याला विनोदाचं अंग असलं पाहिजे. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या. पण चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं जसंच्या तसं.

इतक्या जवळून, इतक्या संशयाने एखाद्या नवख्या ख्रिस्ती माणसावर क्वचितच कुणी नजर ठेवली असेल. त्या नजरेला काय दिसलं ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं हे पुस्तक मी दरवर्षी पावसाळ्यात काढतो. धर्मांतरित संताचं चरित्र वाचायला मिळेल म्हणून कुणी ते उघडलं तर त्याची पार निराशा होईल. बाप्तिस्म्यापूर्वीचे टिळक रागीट, लहरी, उधळ्या हाताचे. बाप्तिस्म्यानंतरचे टिळक? रागीट, लहरी, उधळ्या हाताचे. महिन्याचा खर्च कसा भागणार याची चिंता आधीही लक्ष्मीबाईंकडे होती, नंतरही त्यांच्याकडेच राहिली. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पाप धुतलं जातं असं आम्ही मानतो. विसराळूपणा धुतला जातो असं पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

मग बदललं काय? बाई ते सरळ सांगत नाहीत, म्हणून शोधावं लागतं. मला सापडलं ते एवढंच : या तापट माणसाने बायकोच्या सोवळ्याला हात लावला नाही. नवऱ्याने म्हणावं आणि बायकोने करावं असा तो काळ. त्यातून माणूस वादात भल्याभल्यांना लोळवणारा. पण ख्रिस्ती हो, असा हुकूम त्याने सोडला नाही. त्याच छपराखाली ती वेगळी चूल पेटत राहिली आणि तो वाट बघत राहिला. ज्याला चहा थंड झालेला चालत नसेल त्याने पाच वर्षं वाट बघावी, हा चमत्कार मला पाण्याच्या द्राक्षारसाहून थोडाही कमी वाटत नाही.

आणि ज्याची वाट बघितली ते चर्चमध्ये घडलंच नाही. कुणाचं प्रवचन नाही, गाणं नाही, डोळ्यांत पाणी नाही. एक दिवस बाई एकट्याच विचार करत बसल्या : या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा डोळ्यांना वेगळ्या दिसतात तशा माणसांच्याही दिसल्या असत्या. त्या तर दिसत नाहीत. झालं, ठरलं. इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. आधी घागरीतलं पाणी बदललं, मग धर्म. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो तसा पाहिला तर घरात आधीच लागलेल्या निकालाचा कागद होता.

पाणी आणि ताट यांच्यापाशी नव्या मनाची खरी झडती होते, हे प्रेषितांनाही चुकलं नाही. पेत्र केवढा मोठा! त्याला दर्शन झालं, परक्यांकडे जेवायला काही हरकत नाही हे देवाने त्याला स्वतः पटवलं. पण अंत्युखियात तो विदेशी बांधवांच्या पंगतीला बसला असताना यरुशलेमकडची मंडळी आली आणि पेत्र हळूच उठून बाजूला झाला. गावाकडचे पाहुणे आले की पुष्कळ पुरोगामी माणसं अजून अशीच उठतात. पौलाने त्याला सगळ्यांदेखत झापलं आणि पत्रात लिहूनही ठेवलं. पेत्राची सासू शुभवर्तमानात आहे, तिला ताप आला होता. म्हणजे बायको होतीच. तिची साक्ष मात्र कुणी घेतली नाही. घेतली असती तर नवा करार थोडा जाड झाला असता आणि आम्हा नवऱ्यांना बराच अवघड गेला असता.

पंडिता रमाबाईंनी तर स्वतःच स्वतःला थापटणं मारलं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर आठेक वर्षांनी, पुण्यामुंबईत नाव झालेलं, शारदा सदन उभं राहिलेलं असताना, त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी पुढे लिहून ठेवलं. एवढ्या लोकांच्या नजरा लागलेल्या बाईने असं लिहायला काय लागतं, ते निवडणुकीचा अर्ज भरणाऱ्यांनी सांगावं. त्या दिवसांत त्यांनी जे वाचलं त्यात हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र होतं. याची कथा आणखी निराळी. १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये हे गृहस्थ आपल्याच चर्चमध्ये उपदेशाला उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते पटलं! श्रोत्यांतला एक जण ओरडला, पाद्रीबाबांचं परिवर्तन झालं हो! आमच्याकडच्या एका उपदेशकांना मी ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, तुम्ही पुढच्या बाकावर बसत जाऊ नका.

पौलाने एके ठिकाणी लिहिलंय की आतला माणूस दिवसेंदिवस नवा होत जातो. दिवसेंदिवस! हा शब्द आम्ही साक्ष देताना सोयीने गाळतो. आम्हाला तारीख हवी असते, शक्य तर वेळही. आमच्या गावाने खरं तर हे समजून घ्यायला हवं, कारण हिंगोलीचा हळदीचा बाजार दूरवर माहीत आहे आणि त्या मार्केट यार्डालाही नाव संत नामदेवांचंच आहे. ओली हळद जमिनीतून निघते ती मातीने माखलेली, बोटांसारखी वेडीवाकडी. ती शिजवायची, उन्हात टाकायची, वरखाली करायची. वाळता वाळता वजन इतकं उतरतं की नवख्या शेतकऱ्याचा जीव खाली-वर होतो. मग ती पॉलिशच्या ड्रममध्ये जाते. तिथली चमक बाहेरून लावलेली नसते. हळकुंडं हळकुंडांवर घासतात आणि चमकतात. एकच हळकुंड टाकून ड्रम फिरवला तर आवाज भरपूर होईल, पॉलिश होणार नाही.

आमच्या घरचा ड्रम बरीच वर्षं फिरतो आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्रीची उपासना झाली की आमच्याकडे नव्या वर्षासाठी वचनाच्या चिठ्ठ्या उचलतात. मला एकदा सहनशीलतेचं वचन आलं. हिने ते फ्रिजच्या दारावर चिकटवलं, अगदी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. ‘तुमचं वचन आहे, तुमच्याच समोर असू द्या,’ म्हणाली. पाहुणे आले की ते वाचतात आणि माझ्याकडे बघतात. हिला आलेलं वचन कुठलं होतं ते तिने मला आजवर दाखवलेलं नाही.

टिळकांकडे परत येतो, कारण ते शेवटपर्यंत स्वस्थ बसले नाहीत. १९१७ साली, पन्नाशी उलटलेली, प्रकृती उतरणीला लागलेली, कवी म्हणून आणि ‘ज्ञानोदया’चे संपादक म्हणून नाव झालेलं असताना त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे भाऊ एका जागी, अशी कल्पना. पगार बंद, घर पुन्हा उचललेलं. आतला माणूस नवा होतो तेव्हा बाहेरचं सामान बांधायचं काम बायकोकडे येतं, एवढं त्या घराने पुरेपूर पाहिलं. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. मागे राहिलं ते ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्ताचं ओवीबद्ध चरित्र लिहायला घेतलं होतं, दहा-अकरा अध्याय झाले होते.

लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या रागाला, विसरभोळेपणाला, उधळेपणाला पुस्तकभर हसून घेतलं. कुठेही त्याला पक्कं मडकं म्हटलं नाही. पण ते अर्धवट हस्तलिखित त्यांनी पुढे ओढलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, अक्षरं गिरवली ती नवऱ्याच्या हाताखाली, आणि जोडाक्षरांशी तर तिचं कधीच नीट जमलं नाही. तिने ६४ अध्याय लिहिले. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ १९३८ साली बाहेर आला. त्याच्या नुसत्या नावातच दोन जोडाक्षरं आहेत.